ट्रे घेऊन जिना चढणारा स्कर्ट

सुमनताई धुरी. हे नाव आधी लिहून ठेवतो, पुढच्या गडबडीत ते मागे पडायला नको. दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या युनिफॉर्म रूमच्या त्या सुपरवायझर. राहायला शारजात, अल नहदाला. कर्मचाऱ्यांचे कपडे धुऊन, इस्त्री होऊन, उसवलेलं शिवून ज्याच्या त्याला मिळतात की नाही हे बघणं त्यांचं काम. त्या नसत्या तर मी आज इथे कात्री धरून नसतो. गुहागरला घरी बसलो असतो आणि लोकांना सांगत असतो की दुबईची हवा मला मानवली नाही.

आता झालं ते.

जोसलिन पडली तेव्हा मी जिन्याखालीच उभा होतो. किचनमधून वरच्या लाउंजला जायला मागच्या बाजूने लोखंडी जिना होता. पाहुण्यांना तो दिसत नाही. अरुंद, उभा, पायऱ्यांना मधे जाळी, खालून वरचं सगळं दिसणारी. जोसलिन ही फिलिपिनो वेट्रेस, कामात सगळ्यात चपळ. हातात मोठा ट्रे, त्यावर चहाच्या किटल्या, कप, केकचा तिमजली स्टँड. दोन पायऱ्या चढली. तिसरीवर तिचा पाय उचललाच गेला नाही. मी बेतलेला स्कर्ट गुडघ्यांना आवळला आणि ती ट्रेसकट पुढे आदळली.

किटल्यांमध्ये साधं गार पाणी होतं. रंगीत तालीम आहे, उकळता चहा कशाला, असं सुमनताईंनी सकाळीच किचनला बजावलं होतं. नाहीतर पोरगी भाजली असती. नुसत्या खरचटण्यावर निभावलं. पण बाकीच्या पंधरा मुली जिन्याच्या वरखाली उभ्या होत्या आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. उद्घाटन परवावर आलं होतं.

हॉटेलने त्या वर्षी एक नवीन लाउंज काढलं होतं. दोन हजार दोन-तीनचा सुमार असेल. मरीनाच्या बाजूला तेव्हा नुसत्या क्रेन दिसायच्या, आणि प्रत्येक हॉटेलला दुसऱ्यापेक्षा वेगळं काहीतरी हवं असायचं. ह्यांची कल्पना अशी, की शंभरएक वर्षांपूर्वीचं लंडन उभं करायचं. राजा एडवर्डच्या काळातलं. लाकडी पंखे, पितळी दिवे, आणि चहा देणाऱ्या मुली अगदी तेव्हाच्या पोशाखात. त्यासाठी मिसेस वेंडी नावाच्या एक इंग्रज बाई सल्लागार नेमल्या होत्या. साठीच्या, उंच, दुबईत बरीच वर्षं काढलेल्या. त्यांनी चित्रं आणली. हॉटेलने चित्र निवडलं. ते कापडात उतरवायचं काम आमच्या वर्कशॉपला मिळालं.

वर्कशॉप शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात. मालक कोया सेठ, केरळचे. मी तिथे कटर मास्टर. म्हणजे कापड बेतणारा. शिवणारे कारागीर वेगळे, मी फक्त खडू आणि कात्री. सातवीत शाळा सोडली, मामाच्या दुकानात काजं करायला बसलो, तिथून मुंबई, तिथून इथे. इंग्रजी मला समजतं अर्धं, बोलता येतं पाव. मास्टर होऊन जेमतेम काही महिने झाले होते. रोज वाटायचं, आज कुणीतरी विचारणार, ह्याला मास्टर केलं कुणी?

चित्रातला स्कर्ट कमरेपासून सरळ खाली उतरत आलेला, गुडघ्याखाली चिंचोळा, आणि घोट्यापाशी तर जवळजवळ बांधल्यासारखा. वर उभ्या कॉलरचा, घट्ट बाहीचा ब्लाउज. चित्रातली बाई छत्री टेकून उभी. फार देखणी दिसत होती. मी ते तसंच्या तसं उतरवलं. गडद हिरवं कापड, पुढे पांढरा एप्रन. हँगरवर लावले तेव्हा सेठ खूष. मीही खूष.

मग चुकलं कुठे? इथली एक रीत सांगतो. पुरुष टेलर बाईच्या अंगाला टेप लावत नाही. गिऱ्हाईक बाई आपला नीट बसणारा एखादा ड्रेस आणून देते. आम्ही तो टेबलावर पसरतो, खांदा, छाती, कंबर, उंची मोजतो आणि त्यावरून नवा बेततो. ह्याला सॅम्पल म्हणतात. हॉटेलचंही तसंच. सोळा पिशव्या आल्या, प्रत्येकीवर नाव. आत कुणाची जीन्स, कुणाचा टी-शर्ट, कुणाचा चर्चला जायचा फ्रॉक. मी मापं घेतली. कंबर बरोबर, उंची बरोबर. इतकी वर्षं बायकांचे कपडे बेतले, पण माझा कपडा घालून एखादी बाई पायरी चढताना मी कधी बघितलीच नव्हती. टेबलावरचा फ्रॉक पायरी चढत नाही.

रेस्टॉरंटचे मॅनेजर जॉर्ज साहेब. लेबनानचे, गोड बोलणारे, पण रागावले की जास्तच गोड. फुटलेल्या कपांवरून पाय टाकत माझ्यापर्यंत आले.

"मास्टर. हबीबी. हे काय आहे?"

मी म्हणालो, "सर, सेम पिक्चर."

"पिक्चर पडत नाही. माझी मुलगी पडली."

मग मुलींकडे वळले. "तुम्ही लहान पावलं टाका. लेडीसारखं चाला."

जोसलिन गुडघा चोळत म्हणाली, "सर, लेडीला कुणी बारा टेबलं देत नाही."

मुली हसल्या. जॉर्ज साहेब नाही हसले. त्यांनी तिथूनच आमच्या सेठला फोन लावला. परवा सकाळपर्यंत स्कर्ट दुरुस्त झाले नाहीत तर ऑर्डर परत. खलास.

दोन मिनिटांत माझा मोबाइल वाजला. सेठ कधी ओरडत नाहीत. म्हणाले, "दिलीप, माल वापस आया तो तुम भी वापस जाएगा. मैं क्या करूँ, बोलो."

बोलायला काय होतं? व्हिसा त्यांच्या नावावर. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की विमान. मला उभं राहवेना, बसवेना. मी उगाच कपांचे तुकडे गोळा करायला लागलो.

"ते ठेव. त्याला माणसं आहेत," मागून मराठीत आवाज आला. "तू आत ये."

सुमनताईंची आणि माझी ओळख कपडे देण्याघेण्यापुरती. गाव विचारून झालेलं, त्यांचं कुडाळ. त्यांनी मला युनिफॉर्म रूममध्ये नेलं आणि हँगरवरचा सगळ्यात मोठ्या मापाचा स्कर्ट काढून माझ्या अंगावर टाकला.

"घाल."

"काय?"

"पँटवरून घाल. लाजतोस काय? शिवताना लाजलास?"

"ताई, बाहेर सगळे आहेत."

"असू देत. ती पोर सगळ्यांसमोरच पडली ना?"

मी घातला. त्यांनी हुक लावला, हातात ट्रे दिला, त्यावर पाण्याने भरलेल्या दोन किटल्या ठेवल्या. मला जिन्यापाशी आणून उभं केलं. किचनमधले सगळे दारात जमले. कुणीतरी शिट्टी मारली. एका नेपाळी कुकने विचारलं, "मास्टर, शादी कब है?"

पहिली पायरी चढलो. दुसरीला पाऊल अर्धंच पोचलं. कापड मांडीवर ताणलं, ट्रे पुढे कलला, किटल्या घसरायला लागल्या. सुमनताईंनी ट्रे धरला म्हणून वाचलो. उतरता तर येईचना. दोन माणसांनी मला उचलून खाली ठेवलं.

"आता चित्रातली बाई आठव," त्या म्हणाल्या. "तिच्या हातात काय होतं?"

"छत्री."

"आणि दुसरा हात?"

"मोकळा."

"स्कर्ट उचलायला. जिना आला की ती एका हाताने उचलणार. आमच्या मुलींचे दोन्ही हात ट्रेला. त्यांनी कशाने उचलायचा, दातांनी?"

मग टेलरला जे पहिलं सुचतं ते मी बोललो. "बाजूला स्लिट देतो. गुडघ्यापर्यंत."

त्यांनी जिन्याच्या जाळीकडे बोट केलं. मग दारातल्या किचनवाल्यांकडे. मला पुढचं सांगावं लागलं नाही.

दुपारी मिसेस वेंडींना बोलावलं. मला वाटलं आता त्याही झापणार. पण त्यांनी स्कर्ट बघितला, जिना बघितला, आणि कपाळावर हात मारून हसायलाच लागल्या. भराभर इंग्रजीत बोलल्या. सुमनताई मला मराठीत सांगत गेल्या.

ह्या स्कर्टला त्या काळीच लोक हॉबल म्हणायचे. म्हणजे घोड्याच्या पायाला घालतात तो पायबंद. तो घालायची ती गाडीतून उतरून खुर्चीत बसणारी बाई. त्याच काळात दुसऱ्याही बायका होत्या. ऑफिसात टाइप करणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, सायकलवर फिरणाऱ्या. त्या म्हणत होत्या की आम्हाला चालता येईल असे कपडे द्या. जमिनीपासून वर उचललेला स्कर्ट द्या, खिसे द्या, छाती आवळणारे पट्टे काढा. त्यासाठी मंडळं काढली, भाषणं दिली, रस्त्यावर लोकांचे टोमणे खाल्ले. वेंडीबाईंच्या आजीकडे असा एक स्कर्ट होता. उभी राहिली तर साधा स्कर्ट, सायकलवर बसली की त्याचे दोन पाय व्हायचे. डिव्हायडेड स्कर्ट. आजीच्या वडिलांना तो कित्येक महिने कळलाच नव्हता.

"मी हॉटेलला दोन्ही चित्रं दाखवली होती," वेंडीबाई म्हणाल्या. "त्यांना छत्रीवाली आवडली. मी जास्त ताणलं नाही. ताणायला हवं होतं."

त्यांनी कागदी नॅपकिनवर आकृती काढून दिली. बाहेरून स्कर्ट, आतून पायजमा. मला ती एका नजरेत कळली. पण कळून उपयोग काय, कापडच नव्हतं. दोन पाय करायचे तर मधे नवीन पट्ट्या घालाव्या लागतात, पायाला आतून घेर द्यावा लागतो. हिरव्या कापडाचा पूर्ण तागा संपला होता. दुकानात फोन केला. तोच रंग आहे, पण दुसऱ्या रंगाईचा. शेजारी ठेवला तर फरक ओरडून सांगणार. शिलाईच्या आत जादा कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. ती सगळी उसवली तरी पुरणार नव्हती.

मी युनिफॉर्म रूममध्ये येरझाऱ्या घालत होतो. सुमनताई म्हणाल्या, "जरा बस, मला चक्कर येते तुझ्याने." बसलो. समोर हँगरवर पूर्ण पोशाख लावलेला. हिरवा स्कर्ट, त्यावर पांढरा एप्रन. एप्रन पुढून घोट्यापर्यंत.

मग डोक्यात आलं. पुढचा मधला भाग दिसतोच कुणाला? तो एप्रनखाली झाकलेला. तिथे काळं कापड घातलं तर? काळं जाड कापड आमच्याकडे वेटरांच्या पँटचं भरपूर पडलेलं. चालताना सावलीसारखंच वाटेल.

"आणि मागे?" सुमनताईंनी विचारलं.

मागे एप्रन नाही. मी परत उठलो, परत बसलो. शेवटी त्यांनीच विचारलं, एप्रनची फीत केवढी करता येईल? पांढरं कापड शिल्लक होतं. हातभर रुंद फीत, मागे मोठी गाठ, दोन्ही टोकं खालपर्यंत सोडलेली. मागचं काळं कापड त्याखाली झाकलं जाणार. मिसेस वेंडींना विचारलं. त्या म्हणाल्या, वाहवा, आता तर जास्तच एडवर्डियन दिसेल.

राहिली मापं. पायजम्याला बैठकीचं माप लागतं. कमरेपासून दोन्ही पायांच्या मधून परत कमरेपर्यंत. ते कुठल्याही सॅम्पलवरून नीट मिळत नाही, आणि मी तर ते घेऊच शकत नव्हतो. सुमनताईंनी माझ्या गळ्यातला टेप काढून घेतला आणि मुलींना घेऊन खोलीत गेल्या. दार बंद. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जमिनीवर, मांडीवर पुठ्ठा, कानावर पेन्सिल.

कॉरिडॉरमधून रूम सर्व्हिसची पोरं सारखी ये-जा करत होती. मुद्दाम हळू चालत होती. आतून सुमनताईंचा खणखणीत आवाज आला, "जोसलिन! बैठक सव्वीस! पाय स्टुलावर ठेवून गुडघा पावणेसोळा!" सगळं मराठीत. पोरांना काही कळेना. एकाने मला विचारलं, "भाई, अंदर क्या चल रहा है? पूजा?"

मी म्हणालो, "हाँ, पूजा. चप्पल निकाल के जाओ."

त्या नुसतं माप सांगत नव्हत्या. प्रत्येकीला स्टुलावर पाय ठेवायला लावत होत्या, खाली वाकायला लावत होत्या, ट्रे खांद्यापर्यंत उचलायला लावत होत्या. "हिचा हात वर जात नाही रे, काखेत अडकतोय." मग मी काखेत चौकोनी तुकडा लिहून घेतला. आमचे कारागीर त्याला चौबगला म्हणतात. तो घातला की हात उचलला तरी ब्लाउज कमरेतून वर येत नाही. "आणि खिसे लिही. ऑर्डरचं पॅड कुठे ठेवतील, डोक्यावर?" खिसे लिहिले.

मापं घेऊन वर्कशॉपला आलो. मुलतानचे बशीरभाई आमचे सगळ्यात जुने कारागीर. बेतलेला पहिला तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला.

"मास्टर, ये तो सलवार है."

"सलवारच आहे बशीरभाई. फक्त कुणाला सांगू नका."

"अंग्रेज़ की दादी भी सलवार पहनती थी?"

"सायकलवर."

ते मान हलवत मशीनवर बसले. पण त्यांचा हात सलवारीत बसलेला, म्हणून बैठकीचा भाग त्यांनी सगळ्यांना भराभर लावून दिला. मी बेतत होतो, उसवत होतो, मधेच थांबून पुन्हा मोजत होतो. ज्याची भीती असते ना, ते माप तीनदा घेतलं तरी चुकल्यासारखं वाटतं. कात्री लागलेलं कापड परत जोडता येत नाही. हे सोळा बिघडले तर दुसरे सोळा कुठून आणू?

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी माल हॉटेलवर पोचवला. नियम असा, की नवीन युनिफॉर्म आधी मॅनेजर बघतो, मग युनिफॉर्म रूम ताब्यात घेते. जॉर्ज साहेब मीटिंगमध्ये अडकलेले. मुलींना तयार व्हायला वेळ हवा. सुमनताईंनी एक स्कर्ट उलटा करून शिलाया बघितल्या, ओढून पाहिल्या आणि माल ताब्यात घेतला.

मी म्हणालो, "ताई, साहेबांनी बघितलेलं नाही. ऑर्डरमध्ये स्कर्ट लिहिलंय. हा पायजमा निघाला तर?"

"माझ्या मुलींची मापं मीच घेतलीत. मी पास केला. तू घाम पूस."

जॉर्ज साहेब आले तेव्हा मुली रांगेत उभ्या होत्या. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. मागून बघितलं. फितीची गाठ त्यांना आवडली. मग जिन्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यल्ला, जोसलिन."

ह्या वेळी किटल्यांमध्ये खरा चहा होता.

जोसलिनने ट्रे उचलला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. माझी नजर बैठकीच्या शिलाईवर. पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर ती क्षणभर थांबली. मग तिने मधली एक पायरी गाळून थेट पाचवीवर पाय टाकला. वर पोचून मागे वळली आणि मुलींना डोळा मारला. खाली टाळ्या पडल्या.

जॉर्ज साहेब कोड्यात पडले. "तोच स्कर्ट?"

मी तोंड उघडणार होतो, तेवढ्यात सुमनताई पुढे झाल्या. "नो सर. इट हॅज टू लेग्ज. युनिफॉर्म रूमने ॲप्रूव्ह केलंय. तुम्हाला विचारायला वेळ नव्हता."

त्यांनी एकदा सुमनताईंकडे बघितलं. मग मिसेस वेंडींकडे. त्या म्हणाल्या, "हाच जास्त खरा आहे. काम करणाऱ्या बायका हाच घालायच्या." जॉर्ज साहेबांनी घड्याळ बघितलं. "ओके. पण पुढच्या वेळी मला विचारायचं." एवढं बोलून गेले.

लाउंज उघडलं. चहा वर गेला, रिकामे कप खाली आले. कुणी पडलं नाही. पाहुण्यांना काही कळलं नाही, आणि कळू नये म्हणूनच सगळा खटाटोप होता. सेठनी माझा व्हिसा रिन्यू केला. दोनेक वर्षांनी हॉटेलचा लंडनचा शौक संपला. त्याच लाउंजमध्ये मोरोक्कोच्या उश्या आल्या आणि मुलींना साध्या काळ्या पँट मिळाल्या. त्याही मीच बेतल्या. जोसलिन म्हणाली, हे आधीच केलं असतं तर?

ह्या धंद्यात मी एक शिकलो. माप घेताना कंबर नंतर विचारावी. ह्या माणसाच्या हातात काय असणार आहे ते आधी विचारावं.

पण ही गोष्ट इथे संपत नाही. पुष्कळ दिवसांनी जोसलिन एकदा बोलता बोलता म्हणाली, "मॅडमला त्या वेळी मेमो मिळाला, तुला माहीत नाही?" मला माहीत नव्हतं. मॅनेजरला न विचारता माल पास केला म्हणून लेखी ताकीद. त्या वर्षी त्यांची बढती होणार होती, ती थांबली. आणि मेमोनंतर तोपर्यंत मी कितीतरी वेळा त्यांच्या अल नहदाच्या घरी जेवून आलो होतो. बोंबलाचं कालवण वाढताना, भात घे, लाजू नको म्हणताना, कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

आता त्या कुडाळला असतात. मी फोनवर विषय काढला तर म्हणाल्या, "अरे, पोरी पडल्या असत्या तर मेमोपेक्षा मोठं काहीतरी झालं असतं. तू जेवलास का?" आणि बोलणं दुसरीकडे वळवलं.

सुमनताई, तुम्ही विषय कितीही वळवा. माझं हे राहिलेलं आहे, आणि मी ते फेडणार आहे. कसं, ते अजून ठरत नाही. तुमच्या उपयोगी पडेल असं माझ्या हातात काय आहे, तेही मला नीट माहीत नाही. पण एक दिवस कुडाळला तुमच्या दारात येईन, आणि त्या दिवशी तुम्ही जेवायचं विचारायच्या आधी मी तुमचं काहीतरी काम करून ठेवलेलं असेल.